सीताफळाला फुलं चिक्कार, फळ एकही नाही. झाड तोडू का?

सई_कोथरूड (२३ मे)

नमस्कार मंडळी. मागच्या अंगणात, कुंपणापासून पाच-सहा फुटांवर सीताफळाचं झाड आहे. बी रुजवून आलेलं, आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. जमीन टेकडीच्या पायथ्याची, मुरमाड. "सीताफळाला पाणी लागत नाही, लावा आणि विसरा" असं सगळ्यांनी सांगितलं, आणि नळाची नळी त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे हेच लावलं.

झाड वाढलं झकास. एप्रिलपासून फुलंही लागतात. पण रोज सकाळी खाली हिरवट-पिवळ्या फुलांचा सडा आणि वर एक फळ नाही. गेल्या वर्षीही हेच. आमचे माळीदादा म्हणतात, झाड नर आहे, तोडा आणि कलमी लावा. सासूबाईंचं म्हणणं, बुंध्यात लोखंडी खिळे ठोका. मला दोन्ही जिवावर आलंय. कोणी अनुभवी सांगेल का?

गच्चीवरचा_गडी

खिळे नका ठोकू हो ताई. सासूबाईंना म्हणावं, खिळे रद्दीवाल्याला द्या, त्या पैशांत सीताफळं आणा.

माझाही एक प्रश्न इथेच चिकटवतो. गच्चीवर ड्रममध्ये सीताफळ येईल का? दुष्काळी झाड आहे, म्हणजे आठ-दहा दिवस गावाला गेलो तरी जगेल ना?

बालाघाटी

ताई, तोडू नका. नर झाड पपईत असतं, सीताफळात नसतं. याच्या एकाच फुलात दोन्ही असतं. एकटं झाड असलं तरी फळं धरतात.

मी धारूरकडचा. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं कुणी लावलेली नाहीत आणि त्यांना कुणी तांब्याभर पाणीही घालत नाही. शेळ्या पाला तोंडात धरत नाहीत, म्हणून बांधावर आणि माळावर झाड टिकून राहिलं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच डोंगरातल्या मालाच्या जोरावर. पण एक गोष्ट बघा. डोंगरातल्या झाडाला आम्हाला दसरा-दिवाळीच्या सुमारास फळ मिळतं. म्हणजे ते धरतं कधी? मिरगाचा पाऊस पडल्यावर. एप्रिल-मेची फुलं आमच्याकडंही गळूनच जातात, त्याकडं कुणी बघत नाही.

झाड कोरड्यात जगतं. फळ कोरड्यात धरत नाही. लोक या दोन्हीची गल्लत करतात.

माळरान

बालाघाटी यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यामागचं कारण थोडं सविस्तर लिहितो. माझी पुरंदरात थोडी बाग आहे, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर असतं.

सीताफळाचं फूल नीट उघडून बघा. तीन जाड, मांसल पाकळ्या आणि आत मधोमध एक छोटा उंचवटा. त्या उंचवट्याच्या टोकाकडे मादी भाग, खालच्या बाजूला गोलाकार पुंकेसर. गंमत अशी की दोन्ही एका वेळी कामाला येत नाहीत. आधी मादी भाग तयार होतो. त्या वेळी पाकळ्या जेमतेम विलगलेल्या असतात आणि आतलं टोक ओलसर, चिकट असतं. परागकण सुटतात त्यानंतर, पाकळ्या पूर्ण पसरल्यावर. तोवर त्याच फुलाचं मादी टोक वाळलेलं असतं. म्हणजे फुलाला स्वतःचे पराग उपयोगी पडत नाहीत. शेजारच्या, थोड्या पुढे गेलेल्या फुलाचे पराग कोणीतरी आणून द्यावे लागतात.

आता आणणार कोण? मधमाशीला या फुलात रस नाही. त्या अरुंद फटीतून आत शिरतात ते अगदी बारीक तपकिरी-काळे भुंगेरे, सडक्या फळांवर दिसतात त्या जातीचे. मे महिन्यात फरशी आणि सिमेंटने वेढलेल्या स्वच्छ झाडलेल्या अंगणात हे भुंगेरे कुठून यायचे? त्यात हवा कोरडी. मादी टोक काही तासांत सुकतं, परागही लवकर निकामी होतात. पाऊस सुरू झाला, हवेत दमटपणा आला की हे सगळं एकदम जुळून येतं.

त्यामुळे तुमच्या झाडात खोट अशी काही नाही. जूनमध्ये फूल असेल तर फळ धरायला हवं. मला एकच शंका येते: जूनमध्ये तुमच्या झाडावर फुलं उरतात का? की मेअखेर झाड इतकं सुकतं की फुलणंच थांबतं?

सई_कोथरूड

बापरे, किती नीट सांगितलंत! हो, मेअखेर पानं मलूल होऊन लटकतात आणि जूनमध्ये फूल जवळजवळ नसतंच. मग आता पाणी देऊ का? आणि किती?

माळरान

द्या. पण बुंध्याशी ओतू नका, बुंधा कायम ओला राहिला तर कुजतो. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे खाली गोल आळं करा आणि त्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी सोडा. मुरमात ते खोल जाईल. रोज मगभर शिंपडण्यात अर्थ नाही, मुळं वरच राहतात. आळ्यात वाळका पाला चांगला वीतभर पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका. पाऊस लागला की पाणी बंद.

शेणखत पहिल्या पावसानंतर. युरिया मुळीच नको, नुसता पाला माजेल.

अवंती_म्हणे

भुंगेरे बोलवायचे असतील तर सध्या घरोघरी आंब्याच्या साली आणि कोयी आहेतच, त्या झाडाखाली टाका. माझी आई हे "खत" म्हणून करायची आणि आमच्या झाडाला मेमध्येसुद्धा चार-दोन फळं धरायची. आता माळरान यांचं वाचून तिचं रहस्य कळलं.

नियमावली

अवंती, साली टाकल्या की भुंगेऱ्यांबरोबर फळमाशीही येते, आणि उंदीर-घुशी वेगळ्या. शहरात, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून, हा सल्ला जपून द्यावा.

अवंती_म्हणे

मूठभर म्हटलं हो, ट्रक नाही. आणि फळमाशी फळ पिकायला आल्यावर त्रास देते, फुलावर नाही. तोवर साली उचलून टाकायच्या.

फ्लोरिडाकर

दक्षिण फ्लोरिडातून रामराम. इथे होमस्टेड भागात सीताफळाच्या बागा आहेत, माझ्या परसातही दोन झाडं. इथली हवा दमट, तरी हौशी लोक हाताने परागीकरण करतात, कारण फळ भरदार आणि गोल येतं. चित्रकलेचा बारीक, मऊ, कोरडा ब्रश आणि एक छोटी वाटी, एवढंच लागतं. पूर्ण उमललेली फुलं सकाळी वाटीवर झटकायची, पिवळसर पूड पडते. मग जेमतेम विलगलेली फुलं शोधायची, पाकळी अलगद बाजूला करून आतल्या टोकावर ब्रश गोल फिरवायचा. ऊन चढायच्या आत उरकायचं.

"गोल फिरवायचा" हे महत्त्वाचं. सीताफळाची प्रत्येक खवली म्हणजे एक वेगळा स्त्रीकेसर असतो. जिथे पराग पोचत नाही तिथली खवली फुगत नाही, म्हणून एका बाजूने बसलेली, वाकडी फळं तयार होतात. बाजारात वाकडं सीताफळ दिसलं की समजायचं, भुंगेऱ्याने काम अर्धवट टाकलं.

तुमच्याकडे एक सुख आहे: इथली बी पोखरणारी गांधीलमाशीसारखी बारीक कीड तिकडे नाही. तिच्यापायी आम्हाला फळं लहान असतानाच पिशव्या बांधाव्या लागतात.

गच्चीवरचा_गडी

माझा ड्रम विसरलात सगळे.

माळरान

विसरलो नाही. ड्रममध्ये सीताफळ येतं, पण ड्रममधलं सीताफळ दुष्काळी राहत नाही. जमिनीत त्याची मुळं मुरमाच्या भेगांतून ओल शोधत जातात, पाणी फारच तुटलं तर पानं टाकून झाड गप्प बसतं. ड्रममध्ये मूळ जाणार कुठे? गच्चीवर उन्हाळ्यात मातीही तापते. आठ-दहा दिवस गावाला गेलात तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा.

दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा घ्या. तळाला आणि तळालगत बाजूलाही भोकं पाडा, विटांवर ठेवा. लाल माती आणि बारीक मुरूम जास्त, शेणखत साधारण चौथाई. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि सीताफळाला तेच सोसत नाही. रोप मात्र कलमीच घ्या. बियांचं झाड फळाला यायला तीन-चार वर्षं लावतं आणि फळ कसं निघेल याचा भरवसा नाही.

गच्चीवरचा_गडी

कुठली जात?

माळरान

एकाच जातीचा झेंडा मी मिरवत नाही. बाळानगर जुनी, भरवशाची, मूळ तेलंगणातली. राहुरी विद्यापीठाची फुले पुरंदर आमच्या भागात बरीच दिसते. बंगळुरूच्या फलसंशोधन संस्थेची अर्का सहान संकरित आहे. गर खूप, बिया कमी, चव मिट्ट गोड, पण अस्सल सीताफळाचा तो रवाळपणा नाही. एनएमके-१ गोल्डन ही बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने निवडलेली जात, फळ मोठं आणि तोडल्यावर जास्त टिकतं. व्यापाऱ्याला टिकणं हवं. तुम्हाला गच्चीवरून स्वयंपाकघरात न्यायचंय, मग चव बघून घ्या.

बालाघाटी

आमच्या धारूर-६ चं नाव राहिलं की! अंबाजोगाईला सीताफळाचं वेगळं संशोधन केंद्रच आहे. आणि चवीचं म्हणाल तर डोंगरातलं बिनपाण्याचं फळ एकदा खाऊन बघा. लहान असतं, बिया लई, पण साखर तोंडाला चिकटते.

आजीची_पेटी

विषय सीताफळाचा निघालाय म्हणून सांगते. बिया फेकू नका. वाळवून कुटून तेलात कालवून डोक्याला लावल्या की उवा जातात. आमच्याकडे सगळ्या मुलींना लावायच्या.

दृष्टी_बाई

आजी, क्षमा करा, पण हे इथे तसंच राहू देता येणार नाही. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, भयंकर आग, लाली, डोळा उघडता येत नाही. उवांसाठी लावलेला लेप घामाबरोबर किंवा डोकं धुताना डोळ्यात उतरून असे रुग्ण येतात, बहुतेक मुलीच. कृपया कोणी करू नका. चुकून गेलीच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. अख्खी बी गिळली गेली तर घाबरू नका, ती तशीच बाहेर पडते. कुटलेली बी पोटातही जाऊ देऊ नका.

आजीची_पेटी

बरं बाई. आमच्या वेळी डोळे घट्ट मिटून बसवायचे पोरींना, ते का हे आत्ता समजलं.

कोकणी_माणूस

रत्नागिरीत माझ्या झाडाला जुलैत भरपूर बारकी फळं धरतात आणि काळी ठिक्कर पडून दगड होऊन फांदीलाच लटकतात. दर वर्षी.

माळरान

त्यांना दगडी फळंच म्हणतात. तुमच्याकडच्या सततच्या पावसात बुरशी हे पहिलं कारण. ती फळं झाडावर ठेवू नका, काढून जाळा, नाहीतर पुढच्या हंगामाची बुरशी त्यांच्यातच मुक्काम करते. मधल्या गर्दीच्या फांद्या काढून वारा खेळता करा, पाणी साचत असेल तर चर काढा. पण खरं सांगू? तुमच्या पावसात सीताफळाशी भांडण्यापेक्षा रामफळ लावा. त्याचं फळ पाऊस संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतं.

सई_कोथरूड (१९ जुलै)

धागा वर काढतेय. फळं धरली!

मेअखेरीपासून आळ्यात आठवड्याचं पाणी चालू केलं. पहिल्या पावसानंतर फुलांची नवी लाट आली. मुलाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन रोज सकाळी आम्ही मायलेक झाडाखाली. न ब्रश लावलेल्या काही फुलांनाही फळ धरलंय, म्हणजे भुंगेरे आले असावेत. सासूबाई खिळ्यांचा विषय काढत नाहीत.

पण नवं संकट. फळांच्या देठाशी आणि खवल्यांच्या खाचांत पांढरा कापूस दिसतोय, मुंग्यांची रांग लागलीय आणि खालची पानं काळी, चिकट झालीत.

माळरान

अभिनंदन! आणि स्वागत, पिठ्या ढेकूण आला. सीताफळवाल्याच्या घरी हा पाहुणा चुकत नाही.

आधी मुंग्या. पिठ्या गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, इकडून तिकडे नेऊन वसवतात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. पानं काळी झालीत ती त्या चिकट्यावरच्या बुरशीने. बुंध्याला जमिनीपासून फूटभर वर रुंद चिकटपट्टी गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस सालीवर थेट नको. भिंतीला किंवा गवताला टेकणारी फांदी छाटा, नाहीतर मुंग्या तो पूल वापरतात.

मग पाण्याचा जोरदार फवारा, खाचा धुऊन निघतील असा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निंबोळी अर्क, किंवा कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून. आठवड्याने पुन्हा. फार माजलेलं एखादं फळ असेल तर सरळ काढून टाका.

नियमावली

एवढं करण्यापेक्षा एकच कीटकनाशक मारलं की मोकळं. दुकानदार देईल ते.

बालाघाटी

घरचं झाड, घरची लेकरं खाणार. दुकानदार देईल ते कशाला मारायचं? आणि त्याच्या अंगावर मेण असतं, औषध वरून घरंगळून जातं. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम ही उपयोगी बुरशी फवारली तर पिठ्याला ती धरते. कृषी विद्यापीठात, कृषी सेवा केंद्रात मिळते. कडुनिंबाचं तेल आणि ती एकाच दिवशी नको.

अवंती_म्हणे

सई, एक सांगायचं राहिलं. पिठ्यात एखादी मोठी, झुपकेदार पांढरी अळी भरभर चालताना दिसली तर मारू नकोस. ती एका ढालकिड्याची अळी असते, पिठ्यासारखीच दिसते आणि पिठ्यालाच खाते. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा ढालकिडा बागायतदार विकत आणून सोडतात.

सई_कोथरूड

अगं, काल अशा दोन चिरडल्या की मी! आता हात आवरते.

सई_कोथरूड (२९ सप्टेंबर)

फळं मुठीपेक्षा मोठी झालीत. कधी तोडायची? वटवाघळं रात्री फेऱ्या मारतायत, झाडावरच पिकू द्यावीत का?

बालाघाटी

झाडावर पिकलेलं वटवाघळाचं. डोळे उघडले की तोडा. म्हणजे खवल्यांमधल्या खाचा रुंदावून आतून पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागतात. देठाचा बारका तुकडा ठेवून कात्रीने कापा, ओढू नका. कडक फळ गवतात नाहीतर गोणपाटात ठेवा, दोन-चार दिवसांत पिकतं. डोळे उघडायच्या आधी तोडलं तर पिकत नाही, नुसतं काळं पडतं.

माळरान

आणि कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. साल काळवंडते आणि नंतर ते नीट पिकत नाही. पिकल्यावर एखादा दिवस ठेवलं तर चालेल.

खवय्या_नंबर_एक

मी इतके दिवस याच क्षणाची वाट बघत होतो. सीताफळ बासुंदी करणाऱ्यांसाठी: गर कधीही उकळत्या दुधात घालू नका, कडवट होतो. दूध आटवा, साखर घाला, पूर्ण गार करा, मग गर. बिया काढायला मिक्सर नको, चाळणीवर हाताने घोळवा. मिक्सरमध्ये बी फुटली तर दृष्टीबाई रागावतील.

दृष्टी_बाई

रागावेनच.

गच्चीवरचा_गडी

ड्रम आणला, कलम आणलं. रोपवाटिकेने अर्का सहान म्हणून दिलं, पण कलमाच्या जोडाखालून एक जोमदार फुटवा आलाय. ठेवू का? जोर चांगला आहे त्याला.

माळरान

आत्ताच्या आत्ता मोडा. तो खाली वापरलेल्या गावठी खुंटाचा आहे. ठेवलात तर वरचं कलम मागे पडेल आणि दोन वर्षांनी इथे येऊन "रोपवाटिकेने फसवलं" असा धागा काढाल. जोडाखाली जे जे येईल ते मोडत राहायचं.

सई_कोथरूड

आमच्या घरची बासुंदी झाली, मोजकीच फळं होती पण शेजारीही वाटी गेली. आता पुढचं विचारून ठेवते. थंडीत पानगळ होते तेव्हा पाणी द्यायचं का? छाटणी कधी?

बालाघाटी

पानगळीत थेंबही नको. तो ताण झाडाला लागतोच. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाखाली दडलेला असतो, पान गळल्याशिवाय तो फुटत नाही. थंडीत पाणी घालत राहिलात तर पानं रेंगाळतात आणि फूट मागंपुढं होते.

माळरान

छाटणीबद्दल: फूल मुख्यतः नव्या फुटीवर येतं, म्हणून हलकी छाटणी हवी. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि गेल्या वर्षीच्या काड्या साधारण तिसरा हिस्सा आखूड करा. आम्ही पुरंदरात काही बागा जानेवारी-फेब्रुवारीतच छाटून, ठिबकने पाणी देऊन लवकरचा बहार धरतो, कारण पावसाळ्याच्या तोंडाशी सासवडच्या बाजारात भाव असतो. तुम्हाला भाव नको, फळ हवंय. तुम्ही मार्चअखेर-एप्रिलमध्ये छाटा, म्हणजे नवी फूट आणि पाऊस बरोबर गाठ घेतील. मेच्या मध्यापासून आळ्यात पाणी चालू, यंदासारखंच.

सई_कोथरूड

मार्चअखेर. कॅलेंडरवर लिहिलं. माळीदादांना कात्री देऊ की स्वतः करू?

बालाघाटी

कात्री तुमच्याच हातात ठेवा. ते झाड अजून त्यांच्या डोक्यात नर आहे.